विणकाम आणा, विणकरासकट

घोटीव कागदाची चटई न करता मराठी शाळेतून बाहेर पडलेला माणूस सापडणं कठीण. कागदाला मधोमध घडी घालायची, घडीच्या बाजूने समांतर काप द्यायचे, काठ शाबूत ठेवायचा, दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या एक वरून एक खालून सरकवायच्या आणि टोकांना डिंक लावायचा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सगळं उरकतं. चटई वर्गातल्या फलकावर लागते, स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात मिरवते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दीत जाते. जरा महागड्या शाळांमध्ये तिच्या जागी आता तयार संच आले आहेत: लाकडाची छोटी चौकट, मोजून कापलेली लोकर, प्लास्टिकची सुई आणि पायरीपायरीची चित्रं छापलेला कागद. घरी दिलेला हा ‘प्रकल्प’ रात्री जागून आई पूर्ण करते, हे शाळेलाही ठाऊक असतं.

विणकाम एवढ्यापुरतंच असेल तर ते शाळेतून काढून टाकलं तरी काही बिघडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणायचंच असेल तर त्याला लागणारा वेळ आणा, त्यात होणाऱ्या चुका आणा आणि ज्यांच्या हातात ते पिढ्यानपिढ्या आहे ती माणसंही आणा. यातलं सोपं आणि शोभिवंत तेवढंच उचललं, की मुलांच्या हाती उरते ती पट्ट्यांची सजावट.

आपल्याकडे शाळेतली कला म्हणजे चित्रकला, हे समीकरण पक्कं आहे. वेळापत्रकात ‘कला’ लिहिलेलं असलं तरी मुलं ‘चित्रकलेचा तास’च म्हणतात. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं तेव्हा देशी कारागिरांना शिकवणं हा त्यामागचा एक हेतू होता, आणि १८९१ मध्ये तिथे लॉर्ड रे यांच्या नावाने हस्तकलांच्या कार्यशाळाही उभ्या राहिल्या. पण गावोगावच्या शाळांपर्यंत झिरपलं ते रेखाटन. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा आठवून पाहा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. धाग्याला तिथे जागा नाही. तो गेला कार्यानुभवात. अन्न, वस्त्र, निवारा या तीन कप्प्यांपैकी वस्त्राच्या. आणि कार्यानुभवाचा तास म्हणजे गणिताचा भाग मागे पडला की हक्काने उचलायचा तास. विणकाम मग दोन्हीकडून पोरकं होतं. चित्रकलेचे सर म्हणतात, ते कार्यानुभवाचं. कार्यानुभवाच्या बाई म्हणतात, ते सरांचं.

चित्रकलेशी माझं वैर नाही. पण चित्र चुकलं की बरोबर आलं, हे आठ वर्षांच्या मुलाला कोण सांगतं? सर सांगतात. ‘हत्ती असा असतो का?’ म्हणून सर सांगतात, किंवा शेजारी बसलेला मुलगा हसून सांगतो. निवाडा नेहमी दुसऱ्याच्या नजरेत असतो. म्हणून मूल लवकरच सुरक्षित चित्राकडे वळतं: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. कोरा कागद देऊन ‘मनातलं काढा’ म्हटलं की चाळीसपैकी तीस वह्यांत हेच डोंगर उगवतात. मुक्त अभिव्यक्तीचा आग्रह धरणाऱ्यांनी या डोंगरांचा हिशेब एकदा मांडायला हवा.

विणकामात निवाडा धागा करतो. ते कसं, हे जरा जवळून पाहू.

एक जाड पुठ्ठा घेतला, वहीच्या निम्म्या पानाएवढा. वरच्या आणि खालच्या कडेला एकेक सेंटिमीटरवर खाचा पाडल्या आणि सुतळी त्या खाचांतून वर-खाली ताणून घेतली. हा झाला ताणा. बोथट सुईत लोकर ओवून एका ताण्यावरून, दुसऱ्याखालून असं पलीकडच्या टोकाला न्यायचं. हा बाणा. तिसरीतलं मूल पहिली ओळ सहज पार करतं. खरी परीक्षा परतीच्या ओळीत असते. जाताना ज्याच्यावरून गेलो, येताना त्याच्याखालून यायचं. घाईत मूल पुन्हा त्याच वाटेने परततं. लोकर ओढली की अख्खी ओळ सुळकन निघून हातात येते. ‘बाई, माझी ओळ पळाली!’ बाईंना काही सांगावंच लागत नाही. ओळ का पळाली हे त्या मुलाने स्वतः शोधलं, तर ते पुन्हा कधी विसरणार नाही. शेवटच्या ताण्याखालून बाहेर आलास तर वळताना त्याच्यावरून जा, हा नियम त्याचा त्याला सापडतो.

पाच-सहा ओळी झाल्या की दुसरी गंमत सुरू होते. वरून नीटनेटकं दिसावं म्हणून मूल बाणा घट्ट ओढत राहतं, आणि विणलेली पट्टी कमरेत बारीक होत जाते. वर रुंद, मध्ये अरुंद. कारण साधं आहे: खालीवर नागमोडी जाणाऱ्या धाग्याला सरळ रेषेपेक्षा जास्त लांबी लागते, आणि ती दिली नाही तर तो कडा आत खेचून वसूल करतो. उपायही तेवढाच साधा. बाणा आडवा सरळ न टाकता डोंगरासारखा उंच चढवून टाकायचा आणि मग कंगव्याने खाली ठोकायचा. मागावर बसणाऱ्या विणकरालाही हीच अडचण येते. कापडाची रुंदी धरून ठेवण्यासाठी तो दोन्ही काठांत टोकं रुतवलेली आडवी काठी लावतो आणि विणकाम पुढे सरकेल तशी तीही पुढे सरकवतो. पुठ्ठ्यावरच्या मुलाची आणि त्या विणकराची अडचण एकच आहे, हे मुलाला कळणं ही कलाशिक्षणातली मोठी गोष्ट आहे. चित्राच्या तासाला राजा रविवर्म्याची आणि आपली अडचण एकच आहे, असं मुलाला कधी वाटत नाही.

गोल विणकाम याहून खट्याळ. कागदी थाळीच्या कडेला खाचा पाडून मध्यातून किरणांसारखे ताणे घ्यायचे आणि केंद्रापासून गोलगोल विणत जायचं. ताणे सोळा घेतले तर दुसऱ्या फेरीत धागा पहिल्या फेरीच्याच वाटेने जातो. ज्यावरून गेला त्यावरूनच पुन्हा. वीण बसत नाही, धागे नुसते एकावर एक साठतात. सतरा घेतले की प्रत्येक फेरीला वाट आपोआप बदलते आणि वीण बसते. सम आणि विषम संख्या चौथीच्या गणितात एका व्याख्येपुरत्या येतात. इथे त्या टोपली उभी राहणार की नाही हे ठरवतात. बुरूड कामट्यांची संख्या विषम ठेवतो, किंवा दोन बंद एकाच वेळी घेऊन एकमेकांना पीळ देत फिरवतो. त्याला ते कुणी सम-विषम म्हणून शिकवलेलं नसतं. रोवळी, परडी, दुरडी, कणगी ही सगळी घराणी त्या हिशेबावर उभी आहेत.

आणि रंगांचं काय? मुलाला पट्टीत एक लाल चौकोन हवा असतो, आजूबाजूला पिवळं. ते लाल धागा लालच्या हद्दीत आणि पिवळा पिवळ्याच्या हद्दीत फिरवतं. दोन्ही रंग आपापल्या सीमेवरून मागे वळतात आणि सीमेवर उभी चीर पडते. बोट घातलं तर आरपार जातं. येवल्याच्या किंवा पैठणच्या मागावर पदराचा मोर विणताना हाच प्रश्न रोज सोडवला जातो. प्रत्येक रंगाचा धागा छोट्याशा वेगळ्या तिलीवर असतो, आणि दोन रंग भेटतात तिथे एकाचा धागा दुसऱ्यात अडकवून मगच मागे वळवला जातो. म्हणून पैठणीच्या पदरावरच्या नक्षीत चीर नसते आणि मागच्या बाजूला लोंबणारे धागे नसतात. मोराची मान वळणदार वाटते, पण जवळून पाहिली तर ती पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली असते, कारण आडव्या-उभ्या धाग्यांना खरी गोलाई जमतच नाही. ज्या मुलाने आपल्या पुठ्ठ्यावरची चीर बुजवली आहे, त्याला पैठणी दाखवा. ‘किती सुंदर’ म्हणण्याआधी ते पदर उलटा करून बघेल.

या सगळ्यात सर्जनशीलता कुठे आहे, असा एक आक्षेप येतो. तो हलका नाही. एकसुरी, यांत्रिक, वरून-खालून. यात मुलाचं मन कुठे? मला वाटतं, आपण सर्जनशीलतेची कल्पना फारच सैल करून ठेवली आहे. अडथळा नसला म्हणजे कल्पना धावते, असं गृहीत धरलं आहे. प्रत्यक्षात कोऱ्या कागदावर ती त्या दोन डोंगरांपाशीच थबकते. आडव्या-उभ्या धाग्यांच्या सक्तीत मात्र मुलाला मांजर काढायचं असेल तर मांजराचे कान म्हणजे नेमक्या किती पायऱ्या हे ठरवावंच लागतं, आणि तिथून जे मांजर निघतं ते कुणाच्याही वहीत आधी पाहिलेलं नसतं.

अ‍ॅनी अल्बर्स या जर्मन विणकर बाईंचं उदाहरण इथे आठवतं. १९२२ मध्ये त्या बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. ती शाळा १९१९ मध्ये मोठ्या समतेच्या घोषणा करत निघाली होती, पण मुलींना बहुतेक करून विणकामाच्या कार्यशाळेकडेच वळवलं जाई. अल्बर्सही काहीशा नाइलाजानेच मागावर बसल्या. नाझी राजवट आल्यावर १९३३ मध्ये त्या अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेल्या. तिथे विद्यार्थ्यांना मक्याचे दाणे, गवत, टोचलेला कागद असल्या वस्तूंमधून पोत कसा तयार होतो हे हाताने शोधायला लावत. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. विणकराला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळाला. १९६५ चं विणकामावरचं पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते पेरूच्या प्राचीन विणकरांना, आपले थोर गुरू म्हणून. युरोपातल्या अत्याधुनिक कलाशाळेतून आलेल्या बाईंनी गुरू मानले ते लिपीशिवाय जगलेल्या लोकांना. आपल्याकडच्या किती कलाशिक्षकांनी इचलकरंजीच्या किंवा भंडाऱ्याच्या विणकराला गुरू म्हटलं आहे?

इथे आपला स्वतःचा इतिहास मध्ये येतो, आणि तो विसरून चालणार नाही.

कागदी चटईचा माग काढला तर तो फ्रोबेलपर्यंत जातो. त्याने १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. मुलांनी हाताने करायच्या त्याच्या कामांत कागद विणणं होतं, पण ते चढत्या क्रमाने: आधी एकावर एक, मग दोनावर एक, मग नक्षी. आपण त्यातली पहिली पायरी घेतली आणि तिलाच मुक्काम समजलो.

दुसरी परंपरा वर्ध्याची. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी आपली नई तालीम मांडली: शिक्षण हस्तव्यवसायातून द्यायचं. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जे वेळापत्रक सुचवलं त्यात साडेपाच तासांच्या शाळेतले तीन तास वीस मिनिटं मूळ उद्योगाला होती. मातृभाषेला चाळीस मिनिटं. कताई आणि विणकाम हा त्यातला प्रमुख उद्योग. टकळीवर सूत कातताना सुताच्या लांबीतून गणित, कापसातून भूगोल, कापडाच्या व्यापारातून इतिहास, अशी समवायाची पद्धत होती. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ती वर्षानुवर्षं मनापासून राबवली. हे तीन तास वीस मिनिटं आजच्या कार्यानुभवाच्या तासिकेशेजारी ठेवून पाहा. मध्ये कोठारी आयोग आला, त्याने ‘कार्यानुभव’ म्हटलं. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटलं. नावं लांबत गेली, वेळ आखडत गेला.

पण तीन तास वीस मिनिटं परत आणा, असं मी म्हणणार नाही. त्या योजनेत एक गाठ होती जी सुटली नाही. मुलांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्च निघावा ही गांधीजींची अपेक्षा होती. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी त्या परिषदेतच आक्षेप घेतला: मुलांचा माल बाजारात आला तर तो गरीब कारागिराच्याच मालाशी स्पर्धा करणार. ते बरोबरच होतं. उत्पादन मोजायला लागलं की चुकलेली ओळ उसवून पुन्हा विणायला वेळ कुणाला राहणार? आणि विणकामातलं शिक्षण तर त्या उसवण्यातच आहे.

त्याहून खोल प्रश्न जातीचा. वर्धा परिषदेच्या एक वर्ष आधी, १९३६ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध केलं. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असा त्यातला मुद्दा होता. माणसाचा कल, त्याची आवड काहीही असो, जन्माने त्याचा धंदा ठरतो. महाराष्ट्रात वस्त्र कोणी विणलं? साळ्यांनी, कोष्ट्यांनी, पद्मसाळ्यांनी, मोमिनांनी. घोंगडी सणगरांनी, टोपली बुरडांनी. विदर्भात जाडंभरडं कापड विणणारे महार विणकर होते. या घरांतल्या मुलांसाठी शाळा ही मागापासून सुटका होती. तिथेही माग समोर आला आणि त्या मुलाच्या बापाने कपाळाला हात लावला, तर त्यात नवल नाही. उलट बाजूने पाहिलं तर वरच्या जातीच्या मुलाच्या हातात टकळी देणं ही त्या काळात लहानसहान उलथापालथ नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शाळेतल्या विणकामाने त्या दोन्ही सोबत बाळगायला हव्यात: विणकाम सगळ्यांच्या हातात द्यायचं, पण कुणाच्याही नशिबी ठेवायचं नाही.

लहान मुलाच्या बोटांबद्दल बोलताना आणखी एक काळी बाजू येते. मुलांची बोटं नाजूक, म्हणून गाठी बारीक पडतात. हे वाक्य आपण हौसेने कलावर्गात म्हणतो, आणि हेच वाक्य भदोही-मिर्झापूरच्या गालिचा उद्योगात मुलांना मागावर बसवण्याचं समर्थन म्हणून वर्षानुवर्षं वापरलं गेलं. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात मुलांना मनाई असलेल्या कामांच्या यादीत गालिचा विणणं होतं. पुढे १९९४ मध्ये बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यांवर ‘रगमार्क’ची खूण लावायची योजना सुरू झाली. २०१६ च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात शाळेनंतर मदत करायला मुभा दिली आहे. आणि प्रत्यक्षात यंत्रमागाच्या गावात पाचवीतली एखादी मुलगी संध्याकाळी घरी कांड्या भरते आणि दुपारी शाळेत कागदाची चटई करते, असं सहज होऊ शकतं. त्या मुलीला वर्गातली चटई काय शिकवणार? तिला धाग्याबद्दल बाईंपेक्षा जास्त कळतं. ते कळणं वर्गात बोललं जावं, एवढी जागा कलेच्या तासाला तरी हवी. तिला ‘सांग बरं, धागा तुटला की कशी गाठ मारतात?’ असं विचारलं, तर त्या दिवशी ती शिक्षक होते. मात्र हे विचारताना तिच्या घरची गरिबी चव्हाट्यावर येणार नाही एवढं भान बाईंना पाहिजे. ते भान कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही, ही अडचण मला मान्य आहे.

बायका-पुरुषांच्या वाटणीचंही असंच. आपल्या विणकर घरांत मागावर बहुतेक पुरुष. कांड्या भरणं, ताणा लावणं, खळ देणं ही कामं बायकांच्या वाट्याला, आणि विणकर म्हणून नाव पुरुषाचं. ईशान्य भारतात उलट. आसाम, मणिपूर, नागालँडमध्ये माग म्हणजे बाईचा. पुष्कळ ठिकाणी कमरेला बांधायच्या मागावर ती अंगणात बसून विणते. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभर सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले, त्यांत बहुसंख्य बायका आहेत. शाळेत मात्र लोकर मुलींकडे आणि फुटबॉल मुलांकडे, ही वाटणी कुणी न ठरवता होते. पुठ्ठ्याचे माग वाटताना ती मोडायला वेगळं भाषण लागत नाही. सगळ्यांना एकेक माग द्यायचा, बस्स.

आता व्यवहार. चाळीस-पंचेचाळीस मुलांचा वर्ग, आठवड्याला कलेच्या एक-दोन तासिका, साहित्याला अनुदान नाही. हे ऐकवलं जातं आणि ते खरं आहे. पण विणकामाइतकं या तक्रारीला पुरून उरणारं काम दुसरं नाही. पुठ्ठा किराणा दुकानातल्या खोक्यांचा. ताण्याला सुतळी. बाण्याला शिंप्याकडच्या चिंध्या, जुन्या साड्यांच्या पट्ट्या, उसवलेला स्वेटर. सोलापूर-इचलकरंजीकडे तर सुताची रद्दी मागितली तर मिळेल. रंगपेटी, ब्रश, पाण्याचे डबे, सांडलेलं पाणी, वाळत घालायची जागा, काही लागत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे विणकाम कुठेही थांबवता येतं. जलरंगाचं चित्र अर्ध्यावर सोडलं तर वाया जातं. विणकाम अर्ध्या ओळीवर सोडून दप्तरात टाकलं, आठवड्याने काढलं, तरी ते जिथे होतं तिथेच असतं. म्हणून त्याला एक तासिका देण्यात अर्थ नाही. ते सहामाहीभर बाकाच्या कप्प्यात राहू द्या. गणित लवकर सुटलेल्या मुलाने दोन ओळी विणल्या, पावसामुळे खेळाचा तास बुडाला तेव्हा वर्गाने दहा ओळी विणल्या. तळहाताएवढा तुकडा दिवाळीपर्यंत झाला तरी पुष्कळ.

गुणांचं काय? सुबकतेला गुण देऊ नयेत, असं मला वाटतं. देऊ लागलो की आईच्या हातचे तुकडे परत शाळेत येऊ लागतील. त्याऐवजी मुलाला तुकडा उलटा करून विचारावं: कुठे चुकलं होतं, कसं कळलं, काय केलं? ज्या मुलाने एकदाही उसवलं नाही, त्याच्या उत्तरावरून त्याने विणलं की विणवून घेतलं हे लगेच समजतं.

पुढचं काम वर्गाबाहेरचं. विणकाम केलेल्या मुलाच्या डोळ्यांना कापड वेगळं दिसू लागतं, आणि ते तपासून पाहायला गणवेश पुरतो. सदऱ्याचं कापड उभं किंवा आडवं ओढलं तर हटत नाही, तिरकं ओढलं तर ताणतं, का? कापड दुकानदार कात्रीने जराशी खाच देतो आणि मग फर्रकन फाडतो, तरी ते रेषेत फाटतं, का? पँटच्या कापडावर भिंगाखाली तिरप्या रेघा दिसतात. तिथे बाणा दोन ताण्यांवरून जात असेल आणि प्रत्येक ओळीला एक घर सरकत असेल तर? टी-शर्ट सगळीकडून ताणतो, कारण त्यात ताणा-बाणा नाहीतच, एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकलेले असतात. अंगावरचे कपडे हे मूल रोज वाचत नव्हतं, आता वाचू लागतं. घरातली जुनी बाज, नवारीचा पलंग, पावसाळ्यात मेंढपाळाच्या खांद्यावरचं घोंगडं, आजीची करवतकाठी साडी, गोव्याकडे असेल तर कुणबी साडीच्या लाल चौकटी, हे सगळं त्या वाचनात येतं.

आणि मग विणकर. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत काढण्याची सूचना आहे. प्राथमिक शाळेनेही ती आपल्या परीने उचलायला हरकत नाही. महाराष्ट्रात असा तालुका विरळा जिथे विणणारं माणूस नाही: सोलापूरला चादरीचा, येवल्याला पैठणीचा, नागपूर-भंडाऱ्याकडे करवतकाठीचा, पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणी घोंगडीचा कारागीर, आणि बाजारपेठेमागच्या गल्लीत बुरूड तर असतोच. अडचण शोधण्याची नाही, बोलावण्याच्या पद्धतीची आहे. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. २०१५ पासून तो साजरा होतो आणि १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून ही तारीख निवडली आहे. त्या दिवशी विणकराला व्यासपीठावर बसवतात, मुख्याध्यापक बोलतात, संस्थेचे अध्यक्ष बोलतात, विणकर दोन मिनिटं बोलतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. त्याचे हात कुणी पाहत नाही. त्याला वर्गात जमिनीवर बसवा, मुलांचे पुठ्ठे त्याच्यापुढे ठेवा, आणि कमरेत बारीक झालेल्या पट्ट्या त्याला बघू द्या. काय सांगायचं ते त्याला सांगावं लागणार नाही. मुलांनी त्याला काय विचारावं यावरही बंधन नको. ‘एका साडीचे किती मिळतात?’ हा प्रश्न हमखास येईल. तो दाबू नका, त्याचं उत्तर मुलांना ऐकू द्या. ‘तुमचा मुलगा पण विणतो का?’ हाही येईल, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असेल. त्या ‘नाही’मागचं कारणही त्याच तासात ऐकायला मिळालं तर बरं.

बोळवण शाल-श्रीफळ देऊन करू नका. ती शाल बहुधा यंत्रावर निघालेली असते आणि त्याला ते हात लावताक्षणी कळतं. त्याचा विणण्याचा एक दिवस बुडालेला असतो. त्या दिवसाची मजुरी आणि येण्या-जाण्याचं भाडं पाकिटात घालून द्या, आणि शाळेच्या खर्चाच्या वहीत ते ‘सत्कार’ या सदराखाली न लिहिता ‘अध्यापन मानधन’ या सदराखाली लिहा.